जावयाच्या पॉइंटांवर लंडनला

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत कळत नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे पुढं कळायचा प्रश्न आला नाही. कोणाच्या हाती ही वही पडलीच तर त्यानं वेलांट्यांकडं बघू नये, मजकुराकडं बघावं. खरं तर कोणी वाचावं म्हणून मी लिहीतच नाही. लंडनहून आल्यापासून गल्लीतल्या बाया विचारतात, "काय काय पाहिलं, सांगा की." मी म्हणते, "चांगलं होतं." चार माणसं समोर असली की माझ्या तोंडातून एवढंच निघतं. मग भाकरी थापताना सगळं आठवतं आणि मी एकटीच हसत बसते. शेजारच्या सुमनला वाटतं माझं डोकं फिरलं. म्हणून लिहून ठेवते.

पडेगाव, निघायच्या आधी

मी पडेगावात राहते. मालक वारले त्याला नऊ वर्षं झाली. दौलताबाद रस्त्यावरच्या एका हॉटेलाला मी रोज सव्वाशे भाकरी करून देते. पीठ त्यांचं, हात माझे, भाकरीला सहा रुपये. एकुलती एक लेक वर्षा, जावई निलेशराव आणि चार वर्षांची नात रेवा इंग्लंडात रेडिंग नावाच्या गावी असतात. लंडनपासून गाडीनं तास-सव्वा तास.

आमच्याकडं लेकीच्या घरचं घेत नाहीत. आई-बाप लेकीकडं गेले आणि दोन घास खाल्ले, तरी निघताना नातवंडाच्या हातावर काहीतरी ठेवून येतात. माझे वडील तर माझ्या घरी चहासुद्धा उभ्यानं घ्यायचे. बसून घेतला की पाहुणचार होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे निलेशरावांनी तिकिटाचं काढलं की मी दर वेळी विषय बदलायची. सहा वर्षं बदलला.

गेल्या वर्षी त्यांनी फोनवर वेगळंच सांगितलं. "आई, ह्यात पैसे नाहीत. कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळतात, ते साठलेत. त्यांत तिकीट येतं. मार्चच्या आत वापरले नाहीत तर बुडतील."

"बुडतील म्हणजे?"

"म्हणजे जातील. कोणालाच मिळणार नाहीत."

वाया जाणारी वस्तू घ्यायला हरकत नसते. शिळ्या भाकरीचा कुटका करतो, त्याला कोणी उपकार म्हणत नाही. मी हो म्हटलं. साध्या वर्गात पॉइंटवाली जागा शिल्लक नव्हती, म्हणून झोपून जायच्या वर्गातली मिळाली. त्यात माझा काही दोष नाही.

पण बातमी वैजापूरला पोचली. निलेशरावांच्या मातोश्री, म्हणजे माझ्या विहीणबाई, वैजापूरला असतात. मार्केट यार्डात त्यांची कांद्याची आडत आहे आणि अख्ख्या यार्डात त्यांच्याइतकी धारदार जीभ कोणाची नाही. त्यांचा फोन आला.

"जा बाई, जा. आमच्या पोरानं घाम गाळायचा, तुमी झोपून जायचं."

"विहीणबाई, पैसे नाही लागले. पॉइंट आहेत, बुडणार होते."

"व्हय, व्हय. कांदा बी बुडतो आमचा. त्याच्यावर कुनी इमानात नाय बसवत."

त्या दिवशी मी देवासमोर ठरवलं की ह्या प्रवासात जावयाचा एक रुपया जरी लागला असं कळलं, तर मी तो परत करीन. विहीणबाईंना बोलायला जागा ठेवायची नाही. लागणार नाही अशी खात्री होती, म्हणून ठरवायला सोपं गेलं.

मुंबई

मुंबई विमानतळावर झोपून जाणाऱ्यांसाठी वेगळी बसायची खोली असते. खोली कसली, मंगल कार्यालय. एका बाजूनं नुसती जेवणं मांडलेली आणि पैसे मागायला कोणी नाही. मला संशय आला. पैसे मागणारा दिसत नाही तिथं तो शेवटी दारात भेटतो. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि पिशवीतून दशमी अन् शेंगदाण्याची चटणी काढली.

ताटल्या उचलणारी एक बाई दोन वेळा माझ्या समोरून गेली. तिसऱ्यांदा थांबली.

"मावशी, चटणीला लसूण घरचा हाय का?"

"हो. कुठल्या तुम्ही?"

"फर्दापूरची. लेण्याखाली घर हाय आमचं. इथं आठ वर्षं झाली, वास नाय लागला असला." तिनं इकडंतिकडं बघितलं. "अर्धी देता?"

मी अख्खी दिली. खांबाच्या आडोशाला उभी राहून तिनं चार घासांत संपवली आणि म्हणाली, "तुमी बी घ्या की तिकडचं. सगळं तिकिटातच हाय."

"नको," मी म्हटलं. "फुकटचं आहे."

ती माझ्याकडं बघतच राहिली. तिथं बसलेले सगळे फुकटचं आहे म्हणूनच घेत होते.

विमानात

दुपारचं विमान होतं. माझी जागा खिडकीशी, पण खुर्चीचं तोंड विमानाच्या शेपटाकडं. म्हणजे सगळं विमान पुढं चाललं होतं आणि मी पाठमोरी. शेजारच्या खुर्चीचं तोंड पुढं. त्यामुळे मी आणि शेजारचे गृहस्थ समोरासमोर, आरतीला उभे राहिल्यासारखे. मधे एक छोटी भिंत होती, ती बटणानं वरखाली होते. पण विमान उडेपर्यंत ती खाली ठेवायची असा नियम. परक्या पुरुषाच्या तोंडासमोर मी आयुष्यात एवढा वेळ बसले नव्हते. मी अर्धा तास सीटबेल्टच्या बकलाकडं बघत राहिले.

हवाई सुंदरी वाटीत वाफाळता ओला टॉवेल घेऊन आली. मी म्हटलं, "नक्को." सरबत आणलं. "नक्को." आमच्या गावात हिंदी बोलायचं म्हणजे असंच बोलतात. काजू आणले. "नक्को." ती थांबली.

"अम्मा, आप कां के?"

"औरंगाबाद के."

"तबीच! मैं हैदराबाद की. इत्ता साफ नक्को मैं कित्ते दिनां बाद सुनी." तिचं नाव जबीन. "पर अम्मा, सबको नक्को बोले तो कैसा चलता? कुछ तो भी लो."

"पानी लाओ," मी म्हटलं. पाण्याला उपकार नसतो.

विमान वर गेल्यावर समोरचे गृहस्थ बोलले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. "मी गद्रे. पुण्याचा. मुलाकडे चाललोय. तिकीट विकत, की पॉइंटांवर?"

आपल्याकडं "कुठले तुम्ही" विचारतात तसं त्यांनी हे विचारलं. मी खाली बघून म्हटलं, "पॉइंटांवर."

"वा! मीही. अकरा वर्षांत एकदाही भाडं दिलेलं नाही." त्यांचा चेहरा खुलला. मग कोणत्या कार्डावर किराणा घ्यायचा, कोणत्या कार्डावर पेट्रोल भरायचं, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. एकदा म्हणे पॉइंटांची मुदत वाढावी म्हणून त्यांनी घरात असलेला मिक्सर पुन्हा घेतला. बायको तीन दिवस बोलली नव्हती. मला मजा वाटू लागली. बोलणारा माणूस बरा असतो, आपल्याला बोलावं लागत नाही.

"टॅक्स किती पडला तुम्हाला?"

"काही नाही. माझं फुकट आहे."

गद्रेकाकांनी चष्मा काढला. "फुकट? बाई, फुकट असं काही नसतं. भाडं पॉइंटांत, टॅक्स रोख. त्यात इंग्लंडातून परत निघायचा कर तर विचारूच नका. झोपून जाणाऱ्याला जास्त, बसून जाणाऱ्याला कमी. तिकिटाचा कागद आहे?"

पडेगावच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेले दोन कागद पर्समध्ये होते. मी पहिलं पान नाव बघण्यापुरतं वाचलं होतं. दुसरं इंग्रजीतलं बारीक अक्षरांचं, ते कोण वाचतो. गद्रेकाकांनी वाचलं आणि पेनानं खूण केली.

"हे बघा. जाऊन-येऊन सहासष्ट हजार चारशे. माझ्यापेक्षा आठशेनं कमी. जावई हुशार आहे तुमचा."

माझे कान तापले. खिडकीतून खाली बघितलं तर समुद्र. उतरायची सोय नव्हती. डोळ्यांसमोर विहीणबाई उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. मी जेवणाच्या यादीचं जाड कार्ड उलटं केलं, गद्रेकाकांचं पेन मागितलं आणि गणित मांडलं. भागाकार मला पक्का येतो, तो चौथीच्या आतला आहे. सहासष्ट हजार चारशेला सहानं भागायचं. अकरा हजार सदुसष्ट भाकरी. वर दोन रुपये उरतात.

त्या आकड्याकडं मी बराच वेळ बघत बसले. आणि हळूहळू मला काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. एवढ्या भाकरी मी करणार, एवढे पैसे मी परत देणार. मग ही खुर्ची कोणाची? हे काजू कोणाचे? मघाचा तो ओला टॉवेल कोणाचा होता, जो मी परत पाठवला?

मी बटण दाबलं. बटण दाबून कोणाला बोलवायची ती माझी पहिलीच वेळ. जबीन धावत आली, तिला वाटलं मला चक्कर आली.

"वो गीला टॉवेल है क्या अभी?"

"हौ अम्मा, है ना!"

"लाओ. और काजू. और वो सरबत."

"खाना भी लगा दूँ?"

"हौ."

"सूप लेते?"

"हौ. जो जो है सो लाओ."

गद्रेकाका म्हणाले, "शाब्बास. आता वसूल होतंय."

पुढं मी काय काय खाल्लं ते लिहिते. एक सूप, त्याला मीठ नव्हतं. कच्चा पाला, त्यावर आंबट तेल. पनीर, भात आणि डाळ. डाळ पातळ होती, मी असली हॉटेलात दिली असती तर हॉटेलवाल्यानं परत पाठवली असती. तीन प्रकारचं चीज, त्यातल्या एकाला ओल्या पोत्याचा वास. गद्रेकाका म्हणाले ते सगळ्यांत महाग. म्हणून नाक धरून तेही खाल्लं. आईस्क्रीम. चार चॉकलेटं, दोन रेवासाठी वगळून. पाच कप चहा. गार वाटायला लागलं म्हणून त्यांनी दिलेला पायजमा लुगड्याखाली घातला. मोज्यांत पाय घातले. तोंडाला लावायच्या क्रीमची छोटी नळी होती, ती तिथंच लावली.

मग जबीननं खुर्चीचा पलंग करून दिला, वर गादी, उशी, पांघरूण. आणि इथं अडचण आली. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. विमान चाललं होतं वर आणि डावीकडं. माझी पाठ पुढं, म्हणजे डोकं त्याच दिशेला.

"काका, ही दिशा कोणती?"

"वायव्य."

"म्हणजे उत्तर आली का त्यात?"

त्यांनी विचार केला. "निम्मी आली."

उत्तरेला डोकं करून आपल्याकडं जिवंत माणूस झोपत नाही. त्यात भिंत वर होती तरी मी पाय पसरले की ते बरोबर गद्रेकाकांच्या डोक्याशेजारी जाणार. वयानं मोठा माणूस. मला ते होईना. मी उशी उचलली, पायाकडच्या बाजूला ठेवली आणि उलटी झोपले. ती बाजू पायांसाठी केलेली, म्हणून अरुंद, कोनाड्यासारखी. समईला कसं वाटत असेल ते कळलं. पण पोट भरलेलं होतं, झोप लागली.

जाग आली ती "अम्मा, अम्मा" अशा हाकांनी. जबीन माझ्या पायांशी बोलत होती. पांघरुणातून दोन पाय वर आलेले, त्यांनाच ती चहा विचारत होती. आतून मी आवाज दिला तर ती दचकली आणि तिचा हात भिंतीच्या बटणावर पडला. भिंत घुर्र करत खाली गेली. माझ्या तोंडापासून वीतभरावर गद्रेकाकांचं झोपलेलं तोंड. त्यांनी डोळे उघडले.

मी मेले असते तरी चाललं असतं. पुण्याचे लोक मात्र शिस्तीचे. ते आडव्यानंच म्हणाले, "नमस्कार." आणि भिंत वर येईपर्यंत दोघांनीही डोळे मिटून घेतले.

रेडिंग

रेडिंगला सगळं शांत आहे. कुत्रीसुद्धा विचारून भुंकतात. कचऱ्याचे तीन डबे, तीन रंगांचे, आणि कोणता कोणत्या दिवशी बाहेर काढायचा ह्याचं वेळापत्रक फ्रिजवर. रेवा मला ते रोज वाचून दाखवायची. तिला वाटायचं आजीला शाळेत हे शिकवलं नाही.

शेजारी मार्गारेट नावाच्या आजीबाई होत्या. त्यांनी मला चहाला बोलावलं. वर्षा सोबत होती. आजीबाईंनी विचारलं, "चहा घेणार?" मी सवयीनं मान हलवून नको म्हटलं. आपल्याकडं पहिलं नको हे रीत म्हणून असतं. दुसरं भीड म्हणून. तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं. पण आजीबाईंनी मान डोलावली, स्वतःला कप भरला आणि माझ्यासमोर पिऊन टाकला. बिस्किटंही खाल्ली. तिथं एकदा नको म्हटलं की विषय संपतो. घरी येताना वर्षा हसून हसून कुंपणाला टेकली.

पैशांचं मी तिसऱ्या दिवशी काढलं. निलेशराव भांडी पुसत होते. तिथं जावई भांडी पुसतात, हेही बघून घेतलं.

"निलेशराव, टॅक्सचे सहासष्ट हजार चारशे रुपये तुम्ही भरलेत."

त्यांच्या हातातली बशी थांबली. "कोणी सांगितलं?"

"विमानात एक पुण्याचे होते."

"पुण्याचे लोक ना," ते म्हणाले, "अहो आई, सोडा ते. तुम्ही काय परक्या आहात का?"

"परकी नाही म्हणूनच. मी देणार आहे. थोडे थोडे."

"मी घेणार नाही."

वर्षा आतून ओरडली, "आई, तुझं आपलं काहीतरीच! सासूबाई काही बोलल्या का?"

मी विषय बदलला, आज कोणता डबा बाहेर काढायचा ते विचारलं. तिला उत्तर मिळालं.

अडीअडचणीला म्हणून मी बारा हजार नेले होते. निघायच्या आदल्या दिवशी ते निलेशरावांच्या लॅपटॉपखाली ठेवले. परतीचं मी लिहीत नाही, येताना मी पहिल्यापासूनच हौ म्हटलं. मुंबईला उतरून स्वेटरच्या खिशात हात घातला तर ते बारा हजार तसेच, वर एक चॉकलेट.

वैजापूर

जावई हातात घेत नाही, बँकेचा नंबर देत नाही. मग त्याच्या घरात द्यायचे म्हणजे कोणाला? मी पुष्कळ दिवस दुसरं नाव शोधलं. दुसरं नाव नव्हतं. शेवटी वैजापूरची बस धरली.

विहीणबाई आडतीवर गादीवर बसल्या होत्या, मागं कांद्याच्या गोण्या. मी बारा हजार त्यांच्यापुढं ठेवले आणि सगळं एका दमात सांगितलं, कारण मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

त्या नोटांकडं बघत राहिल्या. "म्हंजे पैसे लागले व्हते."

"लागले होते. मला माहीत नव्हतं."

"मी म्हनलंच व्हतं." तोंडावर मोठं समाधान. मग नोटा मोजल्या, एक फाटकी निघाली ती परत दिली. मी बदलून दिली. "आन् बाकीचे?"

"महिन्याला पाच हजार."

"बघू," त्या म्हणाल्या. चहा विचारला नाही.

दुसऱ्या महिन्यात चहा विचारला. चौथ्या महिन्यात विमानात काय खायला देतात ते विचारलं. मी चीजचं सांगितलं, तर म्हणाल्या, "पोत्याचा वास तर हितं फुकट हाय." सहाव्या महिन्यात मी उलटी झोपले ती हकीकत सांगितली. माझ्या तोंडानं, एवढी लांब गोष्ट, त्यांच्यासमोर. त्या इतक्या हसल्या की तोलायला आलेला शेतकरी घाबरून विचारायला लागला, भाव पडला का.

आठव्या महिन्यात त्या बोलता बोलता म्हणाल्या, "मला बी म्हनला व्हता निलू. दोनदा. मीच नाय म्हनले."

"का?"

"पोराच्या पैशानं हिंडायचं म्हंजे सुनेचं आयकून घ्यावं लागतं. तुमची लेक बोलत नाय म्हना. पन मनात ठेवती."

माझी लेक मनात ठेवते हे खरं आहे.

असं वर्ष गेलं. शेवटच्या खेपेला चार हजार चारशे उरले होते. मी सकाळच्या भाकरी उरकून गेले. विहीणबाईंनी गल्ल्यातून एक स्टीलचा डबा काढला. वर्षभराच्या माझ्या सगळ्या नोटा त्यात, रबर लावून. एक पैसाही खर्च केला नव्हता. नवे पैसे घातले, बोट ओलं केलं आणि पहिल्यापासून सगळे मोजले. मग पुन्हा मोजले. मी उभीच होते.

"बरोबर हाय. सहासष्ट हजार चारशे. फिटले तुमचे."

मग त्यांनी माझ्यासमोरच निलेशरावांना फोन लावला, आवाज मोठा करून.

"निलू, तुझ्या सासूचे पैसे फिटले रे."

"आई! तू घेतलेस? अगं, मी नको म्हणालो होतो त्यांना."

"तू नको म्हनला, मी कुटं म्हनले. आयक. तुझे ते पॉइंट परत साठले का?"

"थोडे साठलेत. का?"

"मला बी तिकीट काढ. झोपायचं. टॅक्स मी भरनार, रोख तयार हाय डब्यात."

मग निलेशराव म्हणाले, "आई, पण ते पैसे माझेच झाले ना मग?"

"गप बस. मला दिलेत त्यांनी," विहीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून माझ्याकडं वळल्या. "बघा विहीणबाई. तुमच्या पायी मला बी खर्चात पडावं लागलं."

ते पैसे आता कोणाचे, हे त्या मायलेकांनी ठरवावं. मी दिले, मोजून दिले, सगळे दिले.